गाडी चार लाखांची, दुरुस्ती किती हजारांची?

सावद्याहून आम्ही बोलतोय. बैठकीची सतरंजी अंथरून, रेडिओ मधे ठेवून तुम्ही ऐकत असाल. कोणी शेंगा फोडत असेल, कोणी पोराला मांडीवर घेऊन बसली असेल. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर माणसांचा विषय, आपल्याला काय करायचा! विषय आहे जुनी चारचाकी गाडी आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च. पण शेवटपर्यंत ऐका. गाडी चालवतो कोणीही, पण तिच्यासाठी डाग गहाण पडतो तो आपला, आणि गटाच्या कर्जावर अंगठा किंवा सही असते ती आपली.

पूर्वी आमच्याकडे कर्जाचे अर्ज यायचे ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, केळीच्या वेफर्सची कढई घेण्यासाठी, लेकराच्या फीसाठी. आता मधूनच एक अर्ज येतो, "गाडी घ्यायची आहे." नवी नाही, जुनी. आणि तीही साधी छोटी कार नाही, जरा उंच, ज्याला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात ती. कारण सरळ आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर गाडी कशीही चालते, पण केळीच्या बागेत जायचा शिवाररस्ता पावसाळ्यात कसा होतो ते आपल्याला माहीत आहे. तिथे खाली घासणारी गाडी उपयोगाची नाही. शिवाय रात्री-अपरात्री दवाखान्यात जळगावला जायचं तर दारात गाडी असावी असं कोणाला वाटत नाही?

गाडी घेऊ नका असं आम्ही सांगणार नाही. घेण्याआधी काय बघायचं आणि किती पैसे बाजूला ठेवायचे, एवढंच सांगणार आहोत. हे आम्ही शिकलो ते आमच्याच गटाच्या ठेचेतून.

आमच्या गटात काय घडलं

आमच्या गटात अकरा जणी. त्यातल्या एका वहिनींच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं. आठ वर्षं जुनी, डिझेलची. काट्यावर ८२ हजार किलोमीटर. किंमत ठरली ४ लाख २० हजार. अडीच लाख केळीच्या पट्टीचे होते, एक लाख सोनं ठेवून आणले, आणि राहिलेले ७० हजार गटाकडून मागितले. गाडी पांढरी, धुतलेली, चकचकीत. आम्ही सगळ्यांनी ठराव मंजूर केला, वर पेढेही खाल्ले. व्याज किती, हप्ता किती, जामीन कोण, हे सगळं विचारलं. गाडीबद्दल मात्र एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्याच महिन्यात एक टायर फुटलं. बघितलं तर चारही टायर कडक झालेले. चार टायरचे २६ हजार. थंडीत गाडी सुरू होईना, नवी बॅटरी ६,२००. मग चढावर गाडीचं इंजिन ओरडायचं पण गाडी पुढे जायची नाही. क्लच गेला, मजुरीसह १७,५००. मग खड्ड्यात गेली की पुढून खडखड आवाज. लोअर आर्म आणि लिंक रॉड, ८,३००. वर्षानंतर गाडी काळा धूर टाकायला लागली आणि बंद पडायला लागली. इंजेक्टरचं काम निघालं, ३१ हजार. बेरीज करा मैत्रिणींनो. ८९ हजार. चौदा महिन्यांत. गटाचं कर्ज होतं ७० हजार, आणि दुरुस्ती त्याच्यापेक्षा जास्त.

साहजिकच हप्ते थांबले. चार महिने. आता गटाचा पैसा म्हणजे काही तिजोरीत पडून राहणारा पैसा नाही. तो एकीकडून आला की दुसरीकडे जातो. त्या हप्त्यांवर आमच्या दुसऱ्या एका ताईंच्या लेकीची नर्सिंगची फी अवलंबून होती. आम्ही तिला "पुढच्या बैठकीत देऊ" म्हणत राहिलो, आणि शेवटी तिने बाहेरून, जास्त व्याजाने पैसे उचलले. बैठकीत दोघी समोरासमोर बसेनात. एक म्हणे, माझ्या लेकीची फी यांनी चाकाला लावली. दुसरी रडत म्हणे, मी काय मुद्दाम केलं का? गट मोडतो की काय अशी वेळ आली.

तेव्हा आम्ही एक काम केलं. वहिनींना म्हटलं, सगळी बिलं घेऊन या. एका ओळखीच्या जुन्या मेकॅनिक दादांना चहाला बोलावलं आणि एकेक बिल समोर ठेवून विचारलं, "दादा, हे आधी कळलं असतं का?" दादांनी पाचपैकी चार बिलं उजवीकडे ठेवली. टायर, बॅटरी, क्लच, लोअर आर्म. म्हणाले, "हे तर घेताना तासाभरात दिसलं असतं." त्या चार बिलांची बेरीज ५८ हजार. म्हणजे ८९ मधले ५८ हजार व्यवहाराच्या दिवशीच डोळ्यांसमोर होते. ते किमतीत कमी करून मागता आले असते, किंवा बाजूला ठेवता आले असते, किंवा ती गाडी सोडता आली असती. पाचवं बिल हातात धरून दादा म्हणाले, "हे सांगता येत नाही. पण डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलला असता तर कदाचित टळलं असतं."

त्या दिवशी दादांनी जे सांगितलं आणि पुढे आम्ही जे विचारून विचारून वहीत लिहिलं, तेच आज सांगतोय.

या गाड्या आत्ताच एवढ्या का विकायला येतात?

आपल्या देशात ४ मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनच्या गाडीवर कर कमी लागतो. म्हणून कंपन्यांनी दिसायला उंच पण लांबीला आखूड अशा गाड्या काढल्या. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, महिंद्राची टीयूव्ही ३०० ही २०१५ मध्ये, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये, टाटाची नेक्सॉन २०१७ मध्ये. लोकांनी त्या भरपूर घेतल्या. त्याच गाड्या आता जुन्या होऊन दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे येत आहेत.

दुसरं कारण डिझेलचं. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम, म्हणजे बीएस सहा, लागू झाले. मारुतीने तेव्हा डिझेल इंजिनच बंद केलं. म्हणजे डिझेलची ब्रेझा कोणी दाखवली तर ती एप्रिल २०२० च्या आधीचीच असणार. फोर्डने २०२१ मध्ये आपल्या देशात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं. त्यामुळे बंद झालेली गाडी घेताना आधी गॅरेजमध्ये विचारायचं, हिचे सुटे भाग कुठून येतात आणि किती दिवसांत येतात? भाग येईपर्यंत आठ दिवस गाडी उभी राहिली तर भाड्याची गाडी करावी लागते. तोही खर्चच.

पहिली यादी : रबराचा खर्च, हा येणारच

आपल्या कुकरची रिंग बघा. वापरा नाहीतर ठेवून द्या, काही वर्षांनी ती कडक होते, शिट्टी बाजूने निघते. गाडीत अशी रबरं पुष्कळ असतात. टायर, पाण्याचे पाइप, पट्टे, चाकांच्या वरच्या सांध्यातले बुश. गाडी कमी फिरली असली तरी रबर वयाने म्हातारं होतं. त्यात आपल्या जळगाव-भुसावळचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर लवकर तडकतं, बॅटरीही लवकर संपते.

आम्ही वेगवेगळ्या गॅरेजमध्ये विचारून जे आकडे लिहिले ते सांगतो. गाव, गाडी आणि सामानाची कंपनी यांप्रमाणे कमी-जास्त होईल, पण अंदाज येईल. चार टायर २२ ते ३२ हजार. बॅटरी ५ ते ८ हजार. लोअर आर्म, लिंक रॉड, बुश मिळून ५ ते १० हजार. पुढचे दोन शॉकअप ६ ते १० हजार. पुढचे ब्रेक पॅड २ ते ४ हजार. ऑइल आणि सगळे फिल्टर बदलून साधी सर्व्हिसिंग ५ ते ८ हजार. यातला कोणताही एक खर्च घर बुडवत नाही. पण हे सगळे एकाच वर्षी आले की वहिनींसारखं होतं.

दुसरी यादी : वापरावर ठरणारा खर्च

यात पहिला येतो क्लच. इंजिनची ताकद चाकाकडे नेणारी आणि गिअर टाकताना ती तोडणारी ही तबकडी असते. घासून घासून ती पातळ होते, मग इंजिन फिरतं पण चाक तेवढं फिरत नाही. ज्याला क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय आहे, त्याचा क्लच लवकर जातो. खर्च १० ते २० हजार.

दुसरा रेडिएटर आणि थंड ठेवायची व्यवस्था. इंजिनभोवती पाणी फिरतं, त्यात कुलंट नावाचं औषध मिसळलेलं असतं. काही जण पाणी कमी झालं की बोअरचं पाणी ओततात. आपल्या चहाच्या पातेल्याला तळाशी पांढरा थर बसतो ना, तसाच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग उन्हाळ्यात काटा लाल खुणेकडे जातो. रेडिएटर बदलायचा तर ४ ते ९ हजार. पण काटा वर गेलेला असताना कोणी गाडी तशीच घरापर्यंत आणली, तर इंजिनचं वरचं झाकण वाकतं, मधलं पॅकिंग फाटतं आणि खर्च ३० हजारांच्या पुढे जातो. म्हणून एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. काटा वर गेला की गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

तिसरा एसी. नुसता गॅस भरायचा दीड ते अडीच हजार. पण दरवर्षी गॅस भरावा लागतो म्हणजे कुठून तरी गळतोय. पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, बदलायचा तर ६ ते १० हजार.

आणि एक आपल्या शेतातल्या घरांचा खास खर्च, उंदीर. गाडी खळ्यावर, चाऱ्याजवळ उभी राहिली की उंदीर बोनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघायचं. यावर याच्यापेक्षा स्वस्त उपाय आम्हाला सापडला नाही.

तिसरी यादी : घर हलवणारा खर्च

हे डिझेल गाडीचे मोठे आजार आहेत. नीट समजून घ्या, कारण गाडी घ्यायची की सोडायची ते यावर ठरतं.

इंजेक्टर. स्टोव्हचं बर्नर आठवा. भोकात घाण अडकली की ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात, मग आपण पिन मारतो. इंजेक्टर म्हणजे डिझेलचा बारीक फवारा मारणारं बर्नरच, फक्त त्याचं भोक अतिशय बारीक आणि दाब फार मोठा. डिझेलमध्ये पाणी किंवा घाण आली की तो बिघडतो. बहुतेक गाड्यांत चार असतात. दुरुस्तीला एकेकाचे ३ ते ८ हजार, नवा घ्यायचा तर एकेकाचे १२ ते २० हजार. म्हणून डिझेलचा फिल्टर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बदलायचा, आणि कॅनमधलं, ड्रममधलं, पंपासाठी ठेवलेलं डिझेल गाडीत ओतायचं नाही.

टर्बो. लोहाराचा भाता आगीला वारा देतो, तसा टर्बो इंजिनला हवा दाबून देतो. तो फार जोरात फिरतो आणि इंजिनच्याच ऑइलवर थंड राहतो. ऑइल जुनं, घट्ट झालं की तो झिजतो. दुरुस्तीला १२ ते २० हजार, नवा ३० हजारांच्या पुढे. लांबून पळवत आणलेली गाडी दारात थांबताच चावी फिरवू नका. अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या, मग बंद करा.

टायमिंग बेल्ट. गिरणीचा पट्टा तुटला तर गिरणी थांबते, एवढंच. पण या पट्ट्यावर इंजिनच्या आतल्या भागांचा ताल चालतो. तो तुटला की आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी आहे. इकोस्पोर्टच्या आणि रेनॉच्या डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात पट्टा आहे. पट्ट्याची गाडी वाईट असं नाही. पण पट्टा बदलल्याचं बिल विचारायचंच. किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते कंपनीच्या पुस्तकात असतं. दोन्हीपैकी जे आधी येईल ते धरायचं. बिल नसेल तर पट्टा बदललाच नाही असं समजून ८ ते १५ हजार किमतीतून कमी करून मागायचे.

एका तासाची तपासणी

आता तो एक तास. मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये द्या, पण सोबत न्या. आणि तो आपला असावा, विकणाऱ्याने दिलेला नको.

सकाळी जा. आदल्या दिवशी सांगून ठेवा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्या गेल्या बोनेटला हात लावा. गरम असेल तर आधीच सुरू करून ठेवली आहे. गार इंजिनच खरं बोलतं.

सुरू करताना मागे उभ्या राहा आणि धूर बघा. सुरुवातीला थोडा धूर चालतो. पण काळा धूर येतच राहिला तर डिझेल नीट जळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. दाट पांढरा धूर, गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर पाणी आत जात असावं. ऑइलच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरट थर दिसला तर तिथूनच परत फिरा.

टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. म्हणजे वय कळतं, कोणाला विचारायची गरज नाही. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांचं टायर लांबच्या प्रवासाला नको. शिवाय नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर कायद्यानेही टायर चालत नाही.

क्लच असा बघायचा. सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक पूर्ण ओढून, तिसरा गिअर टाकून, मेकॅनिकला क्लच हळूहळू सोडायला सांगा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर क्लच संपलाय. त्या वेळी गाडीच्या समोर कोणी उभं राहू नका.

मग खराब रस्त्यावर, काच खाली करून, रेडिओ बंद करून, हळू चालवून बघा. खडखड म्हणजे बुश किंवा शॉकअप. वेग वाढेल तशी घूं घूं म्हणजे चाकाचं बेअरिंग. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते का तेही बघा.

आणि किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. तो मागे फिरवता येतो. पण ब्रेकच्या पायट्याचं झिजलेलं रबर, गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची बसलेली सीट मागे फिरवता येत नाही. काट्यावर ४० हजार आणि पायटा गुळगुळीत, तर काय समजायचं ते समजा. मालकाकडे सर्व्हिसिंगची जुनी बिलं मागा. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात.

कागद : यात आपलं नाव कुठे?

गाडीचा नंबर घालून परिवहन खात्याच्या ॲपवर बघता येतं की कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय पैसे द्यायचे नाहीत. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात.

"नंतर करू नावावर" हे वाक्य कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. विकणाऱ्याकडून तर नाहीच, आणि तुम्ही विकत असाल तर घेणाऱ्याकडूनही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर कागदोपत्री जो मालक आहे त्याच्यावर जबाबदारी येते, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांत फिरलेली असो. विमाही आपल्या नावावर करायला १४ दिवसांच्या आत अर्ज करायचा.

आपला भाग मध्य प्रदेशच्या सीमेवर. बऱ्हाणपूरकडची गाडी स्वस्त मिळते. दिल्लीकडूनही जुन्या डिझेल गाड्या येतात, कारण तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले आणि लोकांनी त्या बाहेर विकल्या. पण परराज्यातली गाडी आणली तर तिकडची एनओसी लागते आणि आपल्या राज्याचा कर वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशेब करा, मग स्वस्त किती ते कळेल.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे चालवायची तर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणजे १३ वर्षांची गाडी घेतली तर दोनच वर्षांत हा खर्च दारात उभा.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवायची नाही. "कधीतरी लग्नाचं भाडं मारू, हप्ता निघेल" असं पुष्कळ जण म्हणतात. भाड्यावर असताना अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणं अवघड होतं, आणि सगळं घरावर येतं. असल्या भाड्याच्या भरवशावर गटाने कर्ज देऊ नये.

आणि शेवटचं, पण आमच्या मते पहिलं. गाडीत आपलं सोनं जात असेल, आपल्या नावावरचं गटाचं कर्ज जात असेल, तर गाडी आपल्या नावावर का नको? गाडी चालवायला लायसन्स लागतं, मालक व्हायला नाही. निदान आरसी बुकावर वारस म्हणून आपलं नाव तरी असावं. २०२१ पासून तशी सोय झाली आहे. नवऱ्याच्या मागे गाडी नावावर करताना किती खेटे घालावे लागतात, ते ज्यांनी घातले त्यांना विचारा.

गॅरेजमध्ये बोलायचं कसं

काम सांगण्याआधी अंदाजपत्रक मागा, सामान वेगळं आणि मजुरी वेगळी लिहून. बदललेला जुना भाग परत मागा. ओरिजिनल आणि लोकल सामानाचे दोन्ही भाव विचारा. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये लोकल नको, बाकी ठिकाणी मेकॅनिकचा सल्ला घ्या. मोठं काम सांगितलं तर दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखवा. आणि स्वतः जा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गॅरेजवाल्याने खुर्ची दिली आणि बोलला मात्र सोबतच्या पोराशी. दुसऱ्यांदा आम्ही वही काढली, तेव्हा आमच्याशी बोलला.

आमच्या गटाचा नियम

आता आमच्या गटात गाडीसाठी कर्ज मागितलं तर तीन गोष्टी बघतो. एक, तपासणीचा कागद. दोन, किमतीच्या दर लाखामागे १५ हजार रुपये दुरुस्तीसाठी वेगळे आहेत का. ४ लाख २० हजारांच्या गाडीला ते ६३ हजार होतात. वहिनींच्या त्या चार बिलांचे ५८ हजार यात बसले असते. तीन, महिन्याला २ ते ३ हजार गाडीच्या नावाने बाजूला पडतील का, डिझेल सोडून. हे जमत नसेल तर आम्ही सरळ सांगतो, "ताई, अजून एक हंगाम थांबा." महिन्यातून दोन-तीनदाच गाडी लागणार असेल तर भाड्याची गाडीच परवडते, हेही वहीत आकडे मांडून दाखवतो. आणि वर्षाची दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्यावर गेली, की ती गाडी विकायचा विचार करायचा.

वहिनींचं पुढे काय झालं? गटाने हप्ता लहान करून मुदत वाढवून दिली. त्या ताईंनी बाहेर जे जास्तीचं व्याज भरलं, त्यातलं अर्धं गटाने उचललं, कारण चूक अकरा जणींची होती. न विचारता सही आम्हीच केली होती. कर्ज फिटलं. दोघी आता बोलतात, पहिल्यासारख्या नाही, पण बोलतात. लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

गाडी अजून चालते आहे. तिच्या कप्प्यात एक शंभरपानी वही असते. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती रुपये, सगळं वहिनींच्या अक्षरात. परवा दुसऱ्या गटातली एक जण गाडी बघायला निघाली, तर वहिनी म्हणाल्या, "थांब, मी येते. टायरवरचे आकडे मला वाचता येतात."

मैत्रिणींनो, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही आपली पंचसूत्री. त्यातली वही गाडीलाही लावा. पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी टायरवरचे चार आकडे लिहून आणा, आणि आरसी बुकावर कोणाचं नाव आहे तेही बघून या.